मऊ डबा

पोलीस ठाण्याच्या मागच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की डाव्या हाताला मावशींचं स्वयंपाकघर होतं. घर त्याच्या मागे होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नसे. रस्त्यावरून दिसायची ती दोन मोठी पातेली, भिंतीवरच्या खुंट्यांना ओळीने टांगलेले डबे आणि त्या डब्यांच्या आड अर्ध्याच दिसणाऱ्या मावशी. त्यांना मावशी म्हणणाऱ्यांत बहिणीचं एकही मूल नव्हतं. मुळात त्यांना बहीणच नव्हती. पण ठाण्यातले शिपाई त्यांना मावशी म्हणत, समोरचा सायकलवाला म्हणे, आणि कोठडीतून सुटलेला खिसेकापूसुद्धा जाताजाता, "मावशी, काल मीठ कमी होतं हं," असं सांगून पुढे जाई. त्यावर मावशींचं उत्तर ठरलेलं असे. "मग पुढच्या खेपेला येताना घरून घेऊन ये."

कोठडीतल्या माणसांना दुपारचं जेवण पुरवण्याचं काम त्यांच्याकडे यजमानांपासून आलं होतं. यजमान गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता ही बाई हे काम सोडील. मावशींनी तेराव्या दिवशी चूल पेटवली, आणि त्याला आता बावीस वर्षं झाली होती. बसच्या कारखान्यात आणि डोळ्यांच्या इस्पितळातही त्यांचे डबे जात, पण ठाण्याचे डबे त्या स्वतः भरत. ते काम त्यांनी सुनेलासुद्धा कधी दिलं नाही. "आतला माणूस चोर की साव, ते ठरवायला मोठी माणसं बसली आहेत," त्या म्हणत. "माझ्या पातेल्याला एवढंच कळतं, की तो उपाशी आहे."

परत आलेला डबा मावशी पत्रासारखा वाचत. जेवणाला हातच लावलेला नसेल तर माणूस पहिल्यांदाच आत आलेला. डबा चाटूनपुसून लखलखीत असेल तर नेहमीचा. भाजी संपवून पाव तसाच ठेवला असेल तर घरून कुणीतरी भेटायला येऊन गेलेलं. आणि पावाचा मऊ गर खाऊन कड तेवढी टाकलेली असेल, तर दातांचं काहीतरी. असाच एक बोळक्या तोंडाचा म्हातारा भुरटा चोर कधी काळी आठ दिवस आत होता. त्याच्यासाठी मावशींनी दुधात कुस्करलेला पाव आणि घोटून मऊ केलेली भाजी पाठवायला सुरुवात केली. इतर डब्यांत तो मिसळू नये म्हणून एका डब्याच्या कडीला त्यांनी निळी नाडी गुंडाळली. तेव्हापासून ठाण्यात 'मऊ डबा' हा शब्दच रूढ झाला. चिठ्ठी यायची, 'चार, त्यात एक मऊ'. म्हातारा चोर कधीच वारला. मऊ डबा मात्र चालूच राहिला.

कधी खरंच एखादा म्हातारा असे, कधी कुणाची दाढ सुजलेली असे. आणि कधी चिठ्ठी आणणारा शिपाई नजर चुकवत असे. तेव्हा मावशी भाजी जरा जास्त वेळ घोटत आणि काही विचारत नसत. ठाण्याशी बावीस वर्षं संबंध टिकवायचा तर काय विचारायचं नाही हे आधी शिकावं लागतं. मावशी ते चांगलं शिकल्या होत्या.

ठाण्यातल्या सगळ्यांत त्यांचं मन जुळलं होतं ते एका हवालदाराशी. त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत, कारण गर्दी पांगवायची असो की भांडण सोडवायचं असो, हवालदार दोन्ही हात खाली-वर करत एवढंच म्हणत, "सावकाश, सावकाश." पळणाऱ्या चोरालाही ते सावकाश पळायला सांगतील, अशी त्यांची चेष्टा होई. मावशी त्यांना भाऊ म्हणत. भाऊंनी मात्र मावशींच्या हातचा घास कधी खाल्ला नव्हता. त्यांचा डबा घरून येई.

"माझ्या हातचं खाल्लंत तर वहिनी घर सोडून जातील का हो?" मावशी विचारत.

"जाणार नाही ना, हीच तर पंचाईत," हवालदार म्हणत. "घरात राहून बोलत बसेल."

अशी त्यांची थट्टा फाटकाजवळ उभ्या उभ्या रोज चाले.

एका मंगळवारी चिठ्ठी आली, 'तीन'. तीन डबे गेले. अर्ध्या तासाने हवालदार स्वतः रस्ता ओलांडून आले. ते कधी रस्ता ओलांडत नसत. थट्टासुद्धा फाटकाच्या त्या बाजूने चाले.

"मावशी, आणखी एक द्या. मऊ."

"चिठ्ठीत तीनच होते."

"माझ्या नावावर लिहा."

मावशींकडे डब्यांची वही होती. डबे बाहेर जात आणि सगळेच परत येत नसत, म्हणून कुठला डबा कुणाकडे गेला ते त्या लिहून ठेवत. त्यांनी पेन्सिल उचलली आणि हसून म्हणाल्या, "तुम्ही माझं जेवण जेवणार? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

हवालदार हसले नाहीत. ते पातेल्याकडे बघत उभे राहिले, डबा हातात घेतला आणि गेले. मावशींनी वहीत लिहिलं, 'हवालदारभाऊ, एक मऊ, निळी नाडी'. संध्याकाळी डबा परत आला. अर्धं जेवण तसंच होतं आणि चमच्याच्या कडेला पुसट लाल ओघळ वाळून बसला होता. मावशींनी तो चमचा दोनदा घासला, आणि सून काही विचारायच्या आत पालथा घातला.

पुढचा महिना नेहमीसारखा गेला. मग एका सकाळी एक मुलगी दारात उभी राहिली. हातात घडी घातलेला मोठा कागद. म्हणाली, ती एका काचवाल्याची बहीण. भाऊ घरोघरी जाऊन खिडक्यांना काचा बसवतो. एका मोठ्या घरात त्याने काच बसवली आणि त्याच दिवशी त्या घरातलं मनगटी घड्याळ सापडेना. पोलिसांनी भावाला गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी कामावरून उचललं. घड्याळ दुपारी त्याच घरात कपाटामागे सापडलं. तोवर भावाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. त्याला मागच्या फाटकातून सोडून दिलं आणि शिडीवरून पडलो म्हणून सांगायला बजावलं.

"ठाण्याच्या नोंदवहीत त्याचं नावच नाही, मावशी," मुलगी म्हणाली. "वकील म्हणाले, अधिकाऱ्याने कामावर असताना जे केलं त्याचा खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागते. परवानगी मागितली, तर सरकार ठाण्याला विचारतं. ठाणं म्हणतं, हा माणूस इथे आलाच नव्हता."

"म्हणजे दाराला बाहेरूनही कडी आणि आतूनही कडी," मावशी म्हणाल्या. बोलून गेल्या खऱ्या, पण मग पाठ फिरवून डबे विसळू लागल्या.

मुलीने कागद उलगडला. बोलता येत नाही म्हणून काचवाल्याने इस्पितळात पडल्या पडल्या एक चित्र काढलं होतं. आयुष्य मापं घेण्यात गेलेल्या माणसाचं ते चित्र होतं. एक डबा, जेवढ्यास तेवढा. उंची लिहिलेली, तळाचा व्यास लिहिलेला, कडीला नाडीचे किती वेढे ते मोजून काढलेले, आणि खालच्या बाजूला एक पोचा. "मागच्या खोलीत त्याला यातून कुणीतरी जेवण दिलं. मऊ होतं म्हणे. असा डबा कुणाकडे आहे, ते शोधत फिरतेय."

"आमच्याकडे नाही बाई असला," सून झटकन म्हणाली. तिच्या डोक्यामागे, तिसऱ्या खुंटीवर, निळी नाडी लोंबत होती.

मुलगी मावशींकडे वळली. "तुम्ही बघता का जरा?"

"चष्मा सापडत नाही गं सकाळपासून," मावशी म्हणाल्या.

चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेला होता. मुलीने तो पाहिला. तिसऱ्या खुंटीकडेही पाहिलं असावं. कागद तिने ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवला आणि त्यावर वाटी पालथी घातली, उडू नये म्हणून. "सापडला की बघा," एवढं म्हणून ती गेली.

सून दारापर्यंत जाऊन परत आली. मग म्हणाली, "आई, चुकले का मी?"

"तू एकटी कशी चुकशील? मी इथेच होते."

"पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं म्हणतातच ना."

"अगं, पोळी ते माझी खातात," मावशी म्हणाल्या. "टाळी मी कशाला वाजवू?" पण त्या दिवशी त्यांनी कागद काही उघडला नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी शेजार-बैठक होती. ही नवी पद्धत दीड वर्षापूर्वी सुरू झाली होती. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत पोलीस आणि वस्तीतले लोक समोरासमोर बसत. कुणी रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार करी, कुणी भरधाव गाड्यांची, आणि बैठकीचं टिपण लिहिलं जाई. चहा मावशींचा असे. बैठक चालवत ठाण्याचे मोठे साहेब. त्यांना वस्तीत इस्त्रीसाहेब म्हणत, कारण त्यांच्या पँटच्या घडीने भाजी चिरता आली असती. बोलणं गोड. त्या दिवशीही ते उभे राहून म्हणाले, "तुमचे डोळे तेच आमचे डोळे. जे दिसेल ते बिनधास्त सांगा."

मागच्या रांगेतून एक हात वर झाला. हात वर करणाऱ्या माणसाच्या हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी बांधलेली होती. शेजारी ती मुलगी. साहेबांनी क्षणभर पाहिलं आणि तितक्याच गोडीने म्हणाले, "त्यांना बोलायचा त्रास नको. लेखी द्या म्हणावं." आणि बैठक रस्त्यावरच्या दिव्यांकडे वळली.

मावशी चहाचा ट्रे घेऊन रांगेतून फिरत होत्या. त्याच्यापर्यंत पोचल्या आणि थांबल्या. कोठडीतल्या किती माणसांना त्यांनी आजवर जेवू घातलं याचा हिशोब नव्हता, पण त्यांतला एकही चेहरा जेवताना त्यांनी पाहिला नव्हता. काचवाल्याने कप घेतला. ओठांच्या एका कोपऱ्यातून थोडा चहा आत ओढला, थोडा पट्टीवर सांडला. मग रुमालाने पुसत त्याने मावशींकडे पाहून मान हलवली. छान झालाय, असं सांगितलं त्याने. वय फार तर सत्तावीस.

घरी येऊन त्यांनी चष्मा लावला आणि कागद उघडला. तिसऱ्या खुंटीवरचा डबा काढून त्याच्यावर ठेवला. मग सुनेला हाक मारली. "माळ्यावरच्या जुन्या वह्या काढ. आहेत तेवढ्या."

दोघी दोन दुपारी बसल्या. सून वाचायची, मावशी रेघा ओढायच्या. सहा वर्षांच्या वह्या शाबूत होत्या. इस्त्रीसाहेब या ठाण्यात आले त्याला तीन वर्षं झाली होती. त्याआधीच्या तीन वर्षांत मऊ डबे पाच. नंतरच्या तीन वर्षांत एक्केचाळीस.

"एवढे म्हातारे चोर असतात होय?" सून हळूच म्हणाली.

मावशींनी पेन्सिल खाली ठेवली. एक्केचाळीस वेळा भाजी त्यांनीच घोटली होती.

जाण्यासाठी जागा एकच होती. खटल्याला परवानगी मिळो न मिळो, पोलिसांविरुद्धची तक्रार ऐकायला सरकारने नवं मंडळ नेमलं होतं. त्याला कुणाला तुरुंगात धाडता येत नव्हतं. पण ठाण्याची दप्तरं मागवता येत होती, अधिकाऱ्याला लोकांच्या कामावरून हलवता येत होतं, आणि परवानगीसाठी स्वतःची शिफारस वर पाठवता येत होती. काचवाल्याचा अर्ज तिथे पडून होता. त्याला सिद्ध करायचं होतं एवढंच, की तो त्या दिवशी आत होता.

पण मावशींचा पाय अडत होता तो भाऊंपाशी. वहीत नाव होतं त्यांचं. मारणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. ज्याने जेवण दिलं, तेवढ्याचंच नाव कागदावर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हवालदारांना सायकलींच्या शेडमध्ये गाठलं. दोघं बाकावर बसली.

"भाऊ, मी मंडळापुढे जाणार आहे. वही घेऊन."

हवालदारांनी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "साहेबांच्या कानावर आलंय, ती मुलगी डबा शोधतेय. त्यांनी मला सांगून ठेवलंय. कुणी विचारलं तर म्हणायचं, माझी दाढ दुखत होती, म्हणून मऊ मागवलं."

"दुखत होती का?"

"ती दाढ सहा वर्षांपूर्वीच काढली." एवढं बोलताना त्यांना हसू आलं, आणि लगेच गेलं. "मी त्याला हात लावला नाही, मावशी."

"ठाऊक आहे."

"थांबवलंही नाही. दाराबाहेर उभा होतो. आतून आवाज येत होता आणि मी दाराकडे पाठ करून उभा होतो. साहेब कायद्याच्या छत्रीत आहेत. कामावर असताना केलं, असं म्हणतील. मी तर काही केलंच नाही, मला कुठली छत्री? नाव नोंदवलं नाही, हा गुन्हा माझाच." ते उठले. "आठ महिने राहिलेत माझ्या निवृत्तीला."

"माहीत आहे मला. पण तुमचं नाव मी खोडणार नाही, भाऊ. ते खोडलं तर त्या मुलाचं काहीच उरत नाही."

हवालदारांनी सायकलचं कुलूप काढलं, पुन्हा लावलं, आणि आत निघून गेले. त्यानंतर तीन आठवडे ते फाटकाजवळ उभे राहिले नाहीत. मावशी डबे भरत राहिल्या. शिपाई चिठ्ठी देऊन मुकाट्याने जाई. मावशींच्या स्वयंपाकात मीठ कमी पडू लागलं आणि सुनेने ते न बोलता वरून घालायला सुरुवात केली.

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. लांबट टेबलामागे तिघे जण. मधल्या खुर्चीत निवृत्त न्यायाधीशबाई, केस पांढरे, समोर पाण्याचा पेला आणि टोक केलेल्या चार पेन्सिली. एका बाजूला इस्त्रीसाहेब आणि त्यांचे वकील. दुसऱ्या बाजूला काचवाला आणि त्याची बहीण. मागच्या खुर्च्यांवर वस्तीतले लोक, काही शिपाई आणि मावशींची सून.

"या तरुणाला तुम्ही त्या दिवशी पाहिलंत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "त्या दिवशी नुसतं जेवू घातलं. पाहिलं महिन्याभराने."

त्यांनी पिशवीतून डबा काढला. न्यायाधीशबाईंनी तो काचवाल्याच्या चित्रावर ठेवायला सांगितला. तळ रेघेवर नेमका बसला. नाडीचे वेढे तेवढेच. पोचा जिथे काढला होता तिथेच. एका सुताचा फरक नव्हता.

वकील उठले. "असे डबे बाजारात शेकड्यांनी मिळतात, बाई."

"डबे मिळतील, पोचा कुठून मिळेल?" मावशी म्हणाल्या. "हा पोचा माझ्या सुनेने पाडलाय. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात."

"आई!" मागून सून ओरडली. खोलीत हसू फुटलं. न्यायाधीशबाईंनी पेला उचलून तोंडापुढे धरला.

वकील हसले नाहीत. त्यांनी वही मागितली, पान उघडलं आणि बोट ठेवलं. "इथे तर हवालदारांचं नाव आहे. म्हणजे डबा हवालदारांनी मागवला. तो कुणी खाल्ला हे तुम्हाला कसं कळणार?"

"भाऊंनी बावीस वर्षांत माझ्याकडचं काही खाल्लं नाही. पण कुणी खाल्ला ते मी पाहिलं नाही, हे खरं." मावशी थांबल्या. मग न्यायाधीशबाईंकडे वळल्या. "आणखी एक सांगायचं आहे. मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. या वह्यांमध्ये तीन वर्षांत एक्केचाळीस मऊ डबे आहेत. त्याआधीच्या तीन वर्षांत पाच. शिपाई नजर चुकवायचा आणि मी भाजी घोटायचे. एकदाही विचारलं नाही, कुणाचं काय मोडलंय. ते माझं चुकलं. तेही लिहून घ्या."

न्यायाधीशबाईंनी पेन्सिल उचलली आणि ते स्वतः लिहून घेतलं.

मग हवालदारांना बोलावलं. ते पुढे आले. साहेबांकडे त्यांनी पाहिलं नाही, मावशींकडेही नाही. वकिलांनी अगदी सोपं करून विचारलं, "त्या दिवशी तुमची दाढ दुखत होती, म्हणून तुम्ही मऊ जेवण मागवलंत. बरोबर ना?"

पंखा फिरत होता. मावशींनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"घाई नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "सावकाश सांगा."

मागच्या रांगेतला एक शिपाई खुदकन हसला आणि त्याने लगेच खाली पाहिलं. न्यायाधीशबाईंना काही कळेना. पण त्या एका शब्दाने हवालदारांचे खांदे जरा सैल झाले.

"दाढ नाहीच मला," ते म्हणाले. "कधीच काढली. डबा मी मागवला. मी खाल्ला नाही. मागच्या खोलीत हा मुलगा होता, त्याला दिला."

"मग स्वतःच्या नावावर का?"

"त्याचं नाव कुठेच लिहायचं नाही असा साहेबांचा हुकूम होता. नाव नाही म्हणजे डबाही नाही. आणि त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं."

काचवाल्याने मान खाली घातली. त्याच्या बहिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. इस्त्रीसाहेब पँटच्या घडीवरून बोट फिरवत बसले होते.

निकाल दीड महिन्याने आला. काचवाला त्या दिवशी ठाण्यात होता, असं मंडळाने मानलं. इस्त्रीसाहेबांना ठाण्यावरून हलवून जिथे लोकांशी संबंध येत नाही अशा एका कचेरीत बसवलं. खटल्याला परवानगी द्यावी, अशी शिफारस वर गेली. ठाण्यात नवा फळा लागला. आत असलेल्या प्रत्येकाचं नाव आणि आणल्याची वेळ फाटकाबाहेर लिहायची, चिठ्ठीवर आकडा नाही तर नावं यायची, आणि डबे मावशींनी किंवा सुनेने गजांपाशी जाऊन हातात द्यायचे. हे शेवटचं न्यायाधीशबाईंनी खास लिहिलं होतं. आणि नोंद न केल्याबद्दल हवालदारांच्या बाहीवरची एक पट्टी काढली. उरलेले महिने त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, जप्त केलेल्या गाड्यांच्या आवारात झाली.

मावशी रोज गजांपाशी जाऊ लागल्या. नाव घेऊन हाक मारत, चेहरा बघत, तोंड उघडायला लावत. "आ कर. दात ठीक आहेत? मग कड टाकायची नाही हं." शिपाई वैतागत. एका फौजदाराने विचारलं, "मावशी, तुम्ही डॉक्टर केव्हा झालात?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही पोलीस झालात तेव्हाच व्हायला हवं होतं."

पण मनाला रुखरुख होती. हवालदार निवृत्त झाल्याचं त्यांना शिपायाकडून कळलं. निरोप आला नव्हता. आठ दिवस थांबून त्या त्यांच्या घरी गेल्या. दार वहिनींनी उघडलं.

"या," वहिनी म्हणाल्या. "आत बसलेत. कुणाशी बोलत नाहीत. मीच एकटी बोलते."

हवालदार खिडकीपाशी बसले होते. मावशी समोर बसल्या. पाणी आलं, चहा आला.

"रागावलात का हो, भाऊ?"

"तुमच्यावर नाही." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ती फाईल अजून वर फिरतेय. माझी पट्टी चार दिवसांत काढली. माझं चुकलं होतं, काढली ते बरोबर. पण साहेबांवरच्या खटल्याच्या परवानगीवर सहा महिने सही होत नाही. हात उचलणाऱ्याला परवानगी लागते, मावशी. डबा देणाऱ्याला कुणाची परवानगी लागली नाही."

"मलाही राग येतो," मावशी म्हणाल्या.

"मग काय करायचं?"

"आता तुम्ही पोलीस नाही. शनिवारी बैठक असते. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या असतात."

हवालदारांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमचा चहा तिथे असतो म्हणे."

"असतो. वहिनींना सांगायचं नाही."

"मी इथेच आहे," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी हवालदार साध्या सदऱ्यात मागच्या रांगेत बसले. शेजारी काचवाला. त्याच्या जबड्याची पट्टी सुटली होती, बोलणं जरा अडखळत होतं. दिव्यांच्या आणि गाड्यांच्या तक्रारी संपल्यावर हवालदार उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "काचवाल्याच्या खटल्याच्या परवानगीचं काय झालं?" नव्या साहेबांनी वर विचारतो म्हणून सांगितलं. हवालदार म्हणाले, "टिपणात लिहा." पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, त्याच्या पुढच्या महिन्यात तोच. आवाज चढवायचा नाही, दुसरं काही बोलायचं नाही. आता साहेब प्रश्नाच्या आधीच उत्तर देऊन टाकतात, "अजून आलेलं नाही." तरी हवालदार प्रश्न पूर्ण विचारतात. गेल्या वेळेपासून वर पाठवलेल्या स्मरणपत्राची तारीखही टिपणात येऊ लागली आहे.

या महिन्यात हवालदारांचा घसा बसला होता. बैठक संपत आली. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. साहेब कागद गोळा करू लागले. काचवाला चाचरत उठायला लागला, तेवढ्यात मावशींनी चहाचा ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिथूनच विचारलं, "साहेब, परवानगीचं काय झालं?"

साहेबांनी कागद पुन्हा खाली ठेवले आणि पेन काढलं.